दाण्याची साय

मंगलनं भाजलेले दाणे सुपात घेऊन तळव्यांनी चोळले, मग उठून वाऱ्याकडे पाठ केली आणि सूप पाखडलं. तांबूस सालं उडून गोठ्याच्या भिंतीपाशी पडली. ती पुन्हा खाली बसली. ज्या दाण्याला सालाचा तुकडा चिकटून राहिला होता तो वेचायची, बोटांत धरून चोळायची, फुंकर मारून परत सुपात टाकायची.

सुगंधाबाई दारात उभी राहून हे बघत होती.

"आनिक एकदा?" तिनं विचारलं.

"व्हय, मामी."

"म्हशीच्या पेंडीलाबी एवढे दाने लागत न्हाईत."

मंगलनं पुढचा दाणा वेचला. सुगंधाबाई तिची सासू. पण मंगल सासऱ्याच्या, मायाप्पाच्या, सख्ख्या बहिणीची मुलगी, त्यामुळं लग्नाआधी जे मामा-मामी होते ते लग्नानंतरही मामा-मामीच राहिले. मामीच्या बोलण्यात टोमणा किती आणि काळजी किती, हे तिला लहानपणापासून कळत होतं. आज टोमणा फार थोडा होता.

अंगणाच्या कडेला बाजेवर मायाप्पा बसला होता. सदऱ्याची गळपट्टी मानेपासून इतकी सुटली होती की आतली हाडं दिसत होती. त्याची नजर सुपाकडं होती, पण ती बघणाऱ्या माणसाची नजर नव्हती.

संक्रांतीनंतर बसवकल्याणच्या डॉक्टरांनी त्याचे उरलेसुरले दात काढले होते. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसणार नव्हती, तोवर मऊ खायचं होतं. दात नसलेल्या म्हाताऱ्याला काय द्यायचं हे हुलसूरमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. ताटात भाकरी कुस्करायची आणि वर दूध ओतायचं. या घरात दुधाला तोटाही नव्हता. मायाप्पाच्या वडिलांच्या वेळची मेंढरं केव्हाच गेली होती, पण थोडं शेत होतं, दावणीला दोन म्हशी होत्या, आणि डेअरीला घालूनही घरात ताक-लोणी उरत होतं. फक्त मायाप्पा त्याला शिवत नव्हता.

दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूपसुद्धा नाही. हे दिवाळीच्या आधीपासून चाललं होतं, पण घरच्यांच्या लक्षात आलं ते येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सणाला. शेतात सगळे पंगतीला बसले, ताकातल्या आंबिलाचा माठ फिरायला लागला, आणि जो माणूस दरवर्षी तांब्याच पुढं करायचा त्यानं आपला पेला पालथा घातला. कफ होतो, एवढंच म्हणाला. सणाच्या दिवशी कुणी फार खोदून विचारलं नाही. दात होते तोवर भाकरी, पिठलं, ठेचा यावर त्याचं निभावून गेलं. दात गेल्यावर मात्र पंचाईत झाली. वरणात भाकरी कुस्करून दिली तर तुरीनं पोट फुगायला लागलं. मुगाचं चार दिवस खाल्लं, मग ताट सरकवून दिलं. शेवटी नुसत्या पेजेवर आला.

एके दिवशी सुनीलकुमारनं, मंगलच्या नवऱ्यानं, त्या पेजेत गुपचूप दुधाची पावडर मिसळली. बापाचं बरं व्हावं म्हणूनच. मायाप्पानं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि त्या दिवसापासून घरातलं अन्नच सोडलं. गुरप्पाच्या हॉटेलात जायचा, बिनदुधाचा चहा मागायचा, त्यात पाव बुडवून खायचा. रागावला नाही, कुणाला शब्दानं बोलला नाही, हेच सगळ्यांना जास्त लागलं.

मंगलनं त्याला हॉटेलातून परतताना वाटेत गाठलं होतं.

"मामा, तुमचं जेवन आजपासून मी करते. माझ्या हातनं दुधाचा थेंब जानार न्हाई."

तो तिच्या मागून घरी आला.

शब्द तर दिला, पण करायचं काय हा प्रश्न होताच. उत्तर आलं ते नणंदेकडून. संध्या कडगंचीला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून शिकत होती. फोनवर वडिलांची चौकशी करताना ती म्हणाली की तिच्या खोलीत बाहेरची एक मुलगी आहे, तीही दुधातुपाला हात लावत नाही, अशा लोकांना व्हीगन म्हणतात. ती मुलगी शेंगदाण्याचा एक सॉस करते आणि भात असो की पोळी, सगळ्याबरोबर खाते. "अप्पांना चालंल की ते, वैनी," असं म्हणून तिनं व्हिडिओ पाठवला. त्यात सोयाची बाटली होती, नारळाचं दूध होतं, आणखी काय काय होतं. मंगलनं तो तीनचारदा बघितला आणि फोन बाजूला ठेवला. दाणे तिच्या घरात होते, गूळ होता, जिरं होतं. बाकीचं तिला नको होतं.

पहिल्या खेपेला दाणे नुसतेच मिक्सरमध्ये फिरवले. लगदा असा झाला की मायाप्पाच्या टाळूला चिकटून बसला. त्याला पाठ करून बोटानं काढावा लागला. दुसऱ्या खेपेला पाणी घातलं तर तेल वर आणि कूट खाली. सुगंधाबाई चाखून म्हणाली, ही तर आपली दाण्याची आमटीच झाली. आमटी झाली असती तरी मंगलची हरकत नव्हती, पण आमटीत कण राहतात, आणि एक कण ओल्या हिरडीत अडकला की माणूस दिवसभर जीभ फिरवत बसतो. तिखट घालायची सोय नव्हती, ते झोंबलं असतं. तिला हवं होतं ते सायीसारखं. जिभेला लागेल पण कुठं अडकणार नाही असं.

या खेपेला तिनं दाणे मंद आचेवर भाजले, डाग पडू दिला नाही. एकूण एक साल काढलं. मग दाणे गरम पाण्यात भिजत घातले आणि गोठा झाडून आली. मिक्सरला हातच लावला नाही. पाटा धुतला, वरवंटा धुतला, आणि दाणे भिजलेल्या पाण्याचा हबका मारत मारत वाटायला बसली. दंड भरून आले तरी थांबली नाही. वाटण बोटांत धरून चोळून बघायची, आणि जरा जरी रवाळ लागलं तरी पुन्हा वरवंटा ओढायची. वाटलेलं फडक्यातून गाळून घेतलं. चमचाभर तेलात जिरं आणि ठेचलेली लसूण तडतडवून त्यात ते ओतलं, मीठ घातलं, गुळाचा खडा टाकला, चिंचेचा नुसता वास लागेल एवढा कोळ घातला, आणि चुलीतलं जळण मागं ओढून ढवळत राहिली. कडेला तेलाची बारीक नक्षी सुटायला लागली तेव्हा भांडं उतरवलं.

कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीवर तिनं ते ओतलं आणि ताट मायाप्पासमोर ठेवलं. त्यानं बोट बुडवून वास घेतला.

"ह्ये काय?"

"दाने, मामा. दुसरं कायबी न्हाई."

त्यानं एक घास घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग दुसरा. मंगल उभीच होती. ताट अर्ध्याच्या पुढं गेल्यावर तिला एकदम आपले दंड दुखतायत हे जाणवलं, आणि ती आत जाऊन बसली.

त्यानंतर तो रोजचा नेम झाला. मंगल उजाडताना वाटून ठेवायची, न्याहारीला त्याला वाढायची आणि शेतावर जायची. दुपारचं ताट सुगंधाबाई वाढायची. मायाप्पाच्या चेहऱ्यावर हळूहळू टवटवी येत गेली. तो गुरप्पाच्या हॉटेलात आता गप्पांना जाऊ लागला. काठी टेकत शेतापर्यंत यायचा आणि बांधावरच्या बाभळीखाली बसून राहायचा. सुनीलकुमार एरवी बायकोचं कौतुक तोंडानं करणारा नव्हता, पण त्यानं शेंगांचं आणखी एक पोतं आणून टाकलं. संध्यानं फोनवर विचारलं तेव्हा मंगल म्हणाली की तुझ्या मैत्रिणीला सांग, सॉस जमला. बोलताना तिला हसू आलं. आपण काहीतरी जिंकलो आहोत असं तिला त्या दिवसांत वाटत होतं.

मग एका दुपारी ती विळा विसरली म्हणून शेतातून माघारी आली. मागच्या दारानं आत शिरली तर सुगंधाबाई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. एका हातात सायीची वाटी होती. चमच्यानं साय काढून ती दाण्याच्या भांड्यात घालत होती आणि ढवळत होती, एकजीव होईपर्यंत, अगदी सावकाश.

मंगलची चाहूल लागल्यावर तिनं वाटी लपवली नाही.

"सकाळचं तुझं ऱ्हातंय तसंच," ती म्हणाली. "दुपारच्यात घालते."

"कधीपासून?"

"झाले की धा-बारा दिवस."

मंगल उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामी, मी त्यास्नी शबुद दिलाय."

"मग तू पाळ की. मी कुठं दिलाय?" सुगंधाबाईनं भांड्यावर झाकण ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता. "तोंडावर टवटवी आली ती नुसत्या दान्यानं आली वाटतंय तुला? माझ्या डोळ्याम्होरं मानूस वाळायलाय, मंगल. सांगनार असशील तर सांग जा. पर पेजेतली पावडर कळली तवा त्यो हाटेलात गेलता. ह्या बारीला कुठं जाईल, तेवढा इचार करून सांग."

मंगलनं भिंतीला अडकवलेला विळा घेतला आणि बाहेर पडली.

वाटेनं तिला राग आला होता, पण नेमका कशाचा ते कळत नव्हतं. शब्द मोडला गेला याचा होता. आणि दंड मोडेपर्यंत वाटलेलं, निगुतीनं शिजवलेलं सगळं बहुधा सायीच्या जोरावर उभं होतं, याचाही होता. दुसरा राग तिला स्वतःलाच बरा वाटला नाही. पाण्याच्या पाटापाशी बसून तिनं थोडं गवत कापलं. कापताना तिनं सगळीकडून विचार करून बघितला. न सांगावं तर माणूस जगेल; पण मग ती रोज सकाळी 'दाने, दुसरं कायबी न्हाई' म्हणून ताट पुढं ठेवणार ते कोणत्या तोंडानं? पेंढी बांधेपर्यंत तिचं ठरलं. सांगायचं. त्यानं पुन्हा अन्न टाकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

ऊन कलल्यावर मायाप्पा बाभळीखाली येऊन बसला. मंगल पेंढी खाली टाकून त्याच्या शेजारी टेकली. सांगायला आली होती, पण तोंडातून आधी वेगळंच निघालं.

"मामा, एक इचारू? दूध कामून सोडलात?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी सरळ विचारलाच नव्हता. सगळ्यांनी कफ म्हणून मान हलवली होती. काठीच्या टोकानं तो ढेकूळ फोडत राहिला. मग सांगायला लागला.

काळ्या म्हशीचं रेडकू मेलं ते मंगलला आठवत होतं. जन्मून महिनाही झाला नव्हता. रेडकू गेल्यावर म्हशीनं पान्हा चोरला, धार देईना. तेव्हा सुनीलनं माणूस बोलावून रेडकाचं कातडं काढून घेतलं, वाळवलं, आत वाळलं गवत भरलं आणि तसंच रेडकू उभं केलं. गावात पूर्वीपासून करत आले होते तसं. रोज पहाटे मायाप्पानं ते म्हशीपुढं धरायचं, त्याच्यावर मीठ भुरकायचं. म्हैस चाटायची, आणि चाटता चाटता पान्हा सोडायची. पुढं एक दिवस ते नाहीसं झालं. कुत्र्यांनी ओढून नेलं, असं मायाप्पानंच घरात सांगितलं होतं.

"कुत्र्यानं न्हाई नेलं," मायाप्पा म्हणाला.

त्या पहाटे सुनील डेअरीच्या कामाला गेला होता, धार मायाप्पाच काढणार होता. त्यानं रेडकू म्हशीच्या तोंडाशी टेकवून ठेवलं आणि खाली बसला. म्हैस चाटत होती. चाटून चाटून पोटाकडची शिवण उसवली आणि आतलं गवत बाहेर आलं. म्हशीनं त्याचा वास घेतला.

"तिनं खाल्लं, मंगल. गवतच की ते. तिला काय ठावं." त्यानं काठी ढेकळात रुतवली. "चरवी भरत आली व्हती. ती खायली आन् मी हिकडं धार काढायलो. हात थांबलाच न्हाई माझा."

मंगलनं पदर तोंडाशी धरला.

मग त्यानं उरलेलं सांगितलं. ते कातडं त्यानं शेताच्या कोपऱ्यात पुरलं, आणि घरी जाऊन कुत्र्यांचं नाव सांगितलं.

"खरं सांगितलं असतं की, मामा. मामीला तरी."

"तिला न्हाई सांगायचं." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "पोट तिनं शिवलं व्हतं. तिनं शिवलेली गोधडी कधी उसवलेली बगितलीस? माझी शिवन उसवली म्हून झालं, असंच घेऊन बसंल ती जल्मभर. तू बी सांगू नको."

मंगलनं मान हलवली. वारा पडला होता. कुणीतरी लांब बैलांना हाक मारत होतं. आता सांगणं तिला पहिल्याहून अवघड झालं होतं, आणि न सांगणं तर शक्यच नव्हतं.

"मामा, मला बी एक सांगायचं हाय. तुमच्या दुपारच्या ताटात…"

"साय व्हय?"

मंगलनं झटकन मान वर केली.

"पयल्याच घासाला कळलं," मायाप्पा म्हणाला. "जल्म दुधात गेला आमचा."

"मग खाल्लंत कामून?"

त्यानं काठी आडवी करून मांडीवर घेतली.

"ती दाराआड उभी व्हती. ताट ठिवून आत न्हाई गेली. मी खाईस्तोर हालली न्हाई तिथनं." मग जरा थांबून म्हणाला, "रोज तशीच उभी ऱ्हातीय."

मंगल घरी आली. गवत म्हशींपुढं टाकलं. काळी म्हैस मान खाली घालून खायला लागली तशी ती तिथून निघाली. हातपाय धुतले आणि सकाळसाठी ठेवलेले सोललेले दाणे काढून गरम पाण्यात टाकले. रात्रीच्या ताटाला त्यानं पेजच मागितली असती, रोज तेच मागायचा. पण आज तिला सकाळपर्यंत थांबायचं नव्हतं.

सुगंधाबाई चुलीशी भाकरी थापत होती. शेवटची भाकरी तव्यावरून टोपल्यात टाकून तिनं हात झटकले आणि सुनेकडं बघितलं.

"सांगितलंस?"

मायाप्पाचं रेडकाचं गुपित तिच्याजवळ होतं, आणि ते, किंवा साय त्याला ठाऊक आहे हे, तिला मामीपुढं उघड करायचं नव्हतं. मंगलनं पाटा भिंतीपासून ओढून मधोमध आणला, पाणी मारून धुतला, भिजलेले दाणे त्याच्यावर ठेवले.

"मामी," ती म्हणाली, "आजपासून ह्ये तुम्ही वाटा."

"मी?"

"माझे दंड उतरलेत. वरवंटा ओढवंना."

सुगंधाबाई तिच्या दंडांकडं बघत राहिली, मग तोंडाकडं. पाट्याशी बसली, लुगड्याचा काष्टा आवरला आणि वरवंट्याला हात घातला.

"किती बारीक?"

"बोटांत धरून बगा. काय लागू ने."

पहिले काही ओढे चुकले. दाणे पाट्यावरून घरंगळून खाली आले. मग हाताला जुनी सवय आठवली. मंगल बाजूला बसून पाण्याचा हबका देत होती. दोनदा सुगंधाबाईनं आता झालं म्हणून वरवंटा सोडला, दोन्ही वेळा मंगलनं वाटण तिच्या बोटांवर चोळून दाखवलं आणि तिला पुन्हा वाटायला लावलं. म्हातारीच्या कपाळावर घाम आला. केस कानावर आले ते तिनं मनगटानं मागं सारले. फडक्यातून गाळलेलं वाटण भांड्यात उतरलं तेव्हा ते इतकं गुळगुळीत झालं होतं की दिव्याचा उजेड त्याच्यावर धरत होता.

"सायच की ग ही," सुगंधाबाई स्वतःशीच म्हणाली.

फोडणी तिनंच दिली. गूळ किती ते मंगलनं सांगितलं, चिंच किती तेही. फडताळात सायीची वाटी होती. सुगंधाबाईची नजर एकदा तिकडं गेली. मंगलनं ती बघितली, पण आपण उठून वाटी काढून घेतली नाही. ती चुलीतली राख सारखी करत राहिली. सुगंधाबाई ढवळत होती, आणि वाटी फडताळातच राहिली. कडेला तेल सुटलं तसं तिनं पदरानं भांडं उतरवलं, भाकरी कुस्करली, वर ओतलं, आणि ताट घेऊन बाहेर गेली.

मंगलनं ऐकलं, ताट बाजेपाशी ठेवल्याचा आवाज आला. मग मामीची पावलं माघारी येतील म्हणून ती वाट बघत राहिली. पावलं आली नाहीत. बाजेची दोरी करकरली. दोघं बसले असावेत.

थोड्या वेळानं मायाप्पाचा आवाज आला.

"कुनी वाटलंय ह्ये?"

"मी," सुगंधाबाई म्हणाली. मग जरा वेळानं, "कामून? रवाळ लागायलंय?"

मंगलच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

"न्हाई," तो म्हणाला. "भाकरी हाय का अजून? आन् तू बी घे की. तू काय बगत बसलीस?"

टोपल्यात शेवटची भाकरी उरली होती. मंगलनं ती घेतली, दुसरं ताट काढलं, आणि मामीनं हाक मारायच्या आत आपणच बाहेर घेऊन गेली.